काळं दिसलं तर काळं सांग

१२ जानेवारी २०२५

चि. महामाया हिला आईचा जयभीम.

फोनवर तुझी-माझी गाठ पडत नाही. तू उचलत नाहीस आणि मला बोलता येत नाही, त्यामुळे दोघींची जोडी छान जमली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाहिलं. दोन निळ्या खुणा उमटतात आणि मग दिवसभर काहीच येत नाही. त्या खुणांकडे बघत बसण्यापेक्षा कागद बरा. कागद तू वाचलास की न उघडता कपाटात टाकलास, हे मला इथं शिरूरजवळच्या खेड्यात बसून कळत नाही आणि जीव शांत राहतो.

तब्येत बरी आहे. जूनमध्ये लातूरला जीभ काढल्यावर नाकात घातलेली नळी दिवाळीला निघाली. पेज जाते, वरणाचं पाणी जातं, भाकरी दुधात भिजवून मिक्सरमधून काढली तर तीही जाते. तू पाठवलेले पावडरचे डबे पोचले. डब्यावरची बाई फार हसते. तिला समोर ठेवून माझ्याच्यानं पेज पिववत नाही, म्हणून आनंदराजनं डब्याला वर्तमानपत्र गुंडाळून दिलं. तोंडात आत एका जागी जरा खरखरीत लागतं, टाक्याचा दोरा राहिला असेल. बाकी काही नाही.

सेविकेचं काम कागदोपत्री सुटलं, पण अंगणवाडीत जाते. घरी बसून काय करू? चतुराबाई मदतनीस होतीच, आता तीच सगळं बघते आणि मी पाटी-खडू घेऊन शेजारी बसते. मी दोन शब्द लिहिते, ती त्यांची दहा वाक्यं करून पोरांना सांगते. पोरांना वाटतं, बाई गप्प बसायचा खेळ खेळतात. एकीनं मला विचारलं, बाई, तुमच्यावर डाव कधी येणार?

आता मूळ गोष्ट. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात आनंदराज तुला काय बोलला, ते मला चतुराबाईनं फार उशिरा सांगितलं. "तुझ्या तपासायच्या दिव्यानं माय ठीक हाय म्हणलं म्हणून आम्ही गप बसलो. आठ महिने गेले. आता बघ." एवढंच बोलला ना? तो तुझा थोरला भाऊ आहे, आणि घाबरला की समोर जे असेल त्याच्यावर ओरडतो. समोर म्हैस असती तर म्हशीवर ओरडला असता. म्हैस काही नांदेडला निघून गेली नसती.

विरूपाक्ष सरांचं संशोधनाचं काम तू त्याच आठवड्यात सोडलंस आणि आता कुठल्याशा दवाखान्यात लग्नाच्या पोरापोरींचे दात पांढरे करून देतेस, असं कळलं. करावं, दातांनाही कुणीतरी पाहिजेच. पण इकडे येत जा. एक ओळ पाठवलीस तरी चालेल.

तुझी आई
पंचशीला


२ फेब्रुवारी २०२५

चि. महामाया,

ओळ पाठव म्हटलं तर आणखी एक डबा आला. त्याच्यावर पुरुषाचं चित्र आहे, तो निदान हसत नाही.

आज अंगणवाडीच्या खिडकीला पडदा लावताना मला तुझं शिबीर आठवलं. ऑपरेशनच्या आधीचा दसरा नुकताच होऊन गेला होता. तू येणार म्हणून मी आठ दिवस आधीपासून गावभर हिंडले. विहाराच्या भोंग्यावरून पुकारा केला, तिकडे मारुतीच्या पारावर जाऊन सांगितलं, सगळ्या वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. माझी लेक दातांची डॉक्टर झाली आहे आणि तोंडातला रोग दिव्यानं ओळखायचं शिकून आली आहे, हे मी किती जणींना सांगितलं असेल त्याला सुमार नाही. चतुराबाई वैतागली. "बाई, आता गुरांनाबी सांगायचं ऱ्हाईलंय," म्हणाली.

बायका यायला लाजत होत्या. सगळ्यांची तोंडं मिसरीनं काळी. भाजलेली तंबाखू सकाळ-संध्याकाळ हिरडीला घासल्याशिवाय या गावात बाईचा दिवस उगवत नाही, आणि मी तरी कुठं निराळी होते? सेविका म्हणून भिंतीवर तंबाखूबंदीचा कागद चिकटवायचे आणि घरी येऊन डबी उघडायचे. डॉक्टरीण काळी तोंडं बघून काय म्हणेल, असं त्यांना वाटत होतं. मग मीच सगळ्यांना सांगितलं, शिबिराच्या दिवशी सकाळी हळद-मिठानं तोंड खसाखसा घासा आणि मगच या. पाहुणे यायचे म्हणजे आपण अंगण सारवतो, तसं. सगळ्यांनी घासलं. माझ्या जिभेच्या कडेला ती खरबरीत जागा होती, तिथं तर मी बोटानं हळद दाबून लावली, जखमेवर लावतो तशी. मग वरून चुळा भरल्या.

खिडक्यांवर घोंगड्या टाकून तू खोली अंधारी केलीस. डोळ्याला पिवळा चष्मा, हातात निळा दिवा. बायकांना किती छान समजावलंस. चांगलं तोंड या उजेडात हिरवं दिसतं, आणि जिथं बिघडायला लागलं असेल तिथं ते हिरवेपण जातं आणि काळं दिसतं. काळं दिसलं तरच पुढे तुकडा काढून तपासायचा. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. इतकं बरं मला तू पास झालीस तेव्हाही वाटलं नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा तू त्या जागेला बोट लावून विचारलंस, "आई, हे किती दिवस झालं?" मी म्हटलं, दाढ घासते. तू दिवा लावलास, बराच वेळ बघितलंस, फोटो काढलास आणि म्हणालीस, "हिरवं आहे. दाढ तेवढी घासून घे." मी दाढ घासून घेतली. त्यात तुझी काय हयगय झाली? तू डोळ्यांनी पाहिलंस तेच सांगितलंस.

लातूरची तपासणीची तारीख होती. हरभऱ्याची रास चालू आहे म्हणून पुढची घेतली. काळजीचं काही नाही.

आई


२३ फेब्रुवारी २०२५

चि. महामाया,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्ये सोडलंस तर तुला शपथ आहे, आणि मी शपथा घालत नाही हे तुला माहीत आहे.

मंगळवारी तुझे विरूपाक्ष सर घरी आले होते. निलंग्याकडच्या त्यांच्या गावी कुणाचं लग्न होतं, तिकडे जाताना वाट वाकडी करून आले. आधी मला वाटलं, माझी चौकशी करायला आले असतील. पण त्यांना दुसरंच काही खात होतं. तुमच्या संशोधनात जेवढी गावं तपासली, त्यांचे फोटो ते पुन्हा एकत्र लावून बघत होते. म्हणाले, "ताई, तुमच्या गावाची तोंडं बाकीच्या सगळ्या गावांपेक्षा जास्त हिरवी आहेत. असं कसं होईल?"

चतुराबाई म्हणाली, "आमच्या हिरीचं पानी लई चांगलं हाय, सायेब."

सरांनी लॅपटॉप उघडून माझा फोटो दाखवला. मी माझं तोंड असं कधी पाहिलं नव्हतं. होती तेव्हाची माझी जीभ. तिच्याकडे बघवेना, आणि नजरही हटवता येईना. कडेला ती जागा, तीसुद्धा हिरवी. सरांनी बोट ठेवून दाखवलं, ही जागा नुसती हिरवी नाही, आजूबाजूपेक्षा जास्त लखलखीत आहे, आणि त्यात थोडा पिवळा आहे. रोग असो नसो, तोंडाची कातडी इतकी लखलखत नाही. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तोंडाला काही लावलं होतं का?"

मी पाटीवर लिहिलं: हळद-मीठ. सगळ्यांनी.

सरांनी पाटी हातात घेऊन पुन्हा वाचली. मग त्यांनी चतुराबाईकडे हळद मागितली. तिनं डबा आणून दिला. त्यांनी चिमूटभर हळद मनगटावर चोळली, पाण्यानं धुतली, रुमालानं पुसली. दार लावायला सांगितलं. बॅगेतून तुझाच तो निळा दिवा काढला आणि मनगटावर धरला.

महामाया, जिथं हळद लागली होती तेवढी जागा हिरवीगार पेटली. धुतल्यावरसुद्धा. कातडीच्या बारीक रेघांत बसलेली हळद तशीच चमकत होती. सर म्हणाले, हळदीचा तो गुणच आहे, निळा उजेड पडला की ती आपणहून हिरवा उजेड टाकते. गुळगुळीत जागेवरून ती चूळ भरली की निघून जाते, पण रोगाची जागा खरबरीत, चिरा पडलेली, तिथं ती मुरून बसते. म्हणजे जिथं काळं दिसायला पाहिजे होतं, नेमकं तिथंच हिरवं दिसलं.

चतुराबाई खाली बसली. "म्हंजी आपन रोगाला नटवून धाडलं की हो," म्हणाली.

मी खूप रडले. माझ्या रडण्याचा आवाज आता चांगला येत नाही, सर बिचारे घाबरले. मीच गावाला हळद लावायला सांगितलं, लेकीची इज्जत राहावी म्हणून. दोन दिवस मी पाटीला हात लावला नाही. मग मनाशी म्हटलं, माझ्या आईनं तिच्या आईचं बघून हळद लावली, मी तिचं बघून लावली. चुलीवर पोळलं, विळा लागला, पोर खरचटलं, की आपला हात आधी हळदीच्या डब्याकडेच जातो. तो हात कुणी धरायचा होता? तू विचारलं नाहीस, कारण तुला शिकवणाऱ्या कुणालाच ते विचारायचं सुचलं नव्हतं. सरांनी हे स्वतःच्या तोंडानं कबूल केलं.

आनंदराज शेतातून आला तेव्हा सरांनी त्यालाही मनगट दाखवलं. तो जेवला नाही. गोठ्यात जाऊन बसला.

आता तुझं काम. सर म्हणतात, हे तूच लिहायला पाहिजेस, कारण शिबीर तुझं होतं. आणि त्याहून निकडीचं म्हणजे, आमच्या गावच्या सगळ्या बायकांचं तोंड पुन्हा बघायला पाहिजे, चार दिवस हळद बंद ठेवून आणि कापसानं नीट पुसून. दुसरा डॉक्टर पाठवतो म्हणाले, तर चतुराबाई उठून उभी राहिली. "बाईची लेक आली तर तोंड उघडीन. दुसऱ्या कुनाम्होरं न्हाई." बाकीच्या बायकाही तेच म्हणतात. तिच्या डाव्या गालात आत काहीतरी आहे. मला बोट घालून दाखवलं.

ये.

आई


१६ मार्च २०२५

चि. महामाया,

तुझं पत्र आलं. किती दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून वेलांटी देताना हात तसाच वर उडतो.

पण लिहिलंस काय? "आई, हळदीचं वाचलं. तरी मला पुन्हा कुणाच्या तोंडात बघायला जमणार नाही. दिवा हातात घेतला की हात कापतो. मी हिरवं म्हटलं आणि परत तसंच झालं तर? सरांना दुसरं कुणी पाठवू दे."

वाचून राग आला. मग राग गेला. मला वाटलं होतं, कारण कळलं की तू सुटशील. पण कारण कळून माणूस सुटत नाही, एवढं मला कळायला पाहिजे होतं.

म्हणून आता खरं लिहिते. जानेवारीत मी टाक्याचा दोरा लिहिला होता. दोराबिरा काही नाही. शिवलेल्या जागेच्या मागच्या बाजूला बोटाला खरखरीत लागतं, संक्रांतीला मुगाएवढं होतं, आता बोराएवढं झालं आहे. सकाळी उशीला रक्ताचा डाग असतो, उशीचा अभ्रा मी सगळ्यांच्या आधी उठून धुते. लातूरची तारीख दोनदा टाळली. हरभऱ्याची रास केव्हाच घरात आली आहे. आनंदराजला यातलं काही माहीत नाही.

तू डॉक्टर आहेस, म्हणजे हे काय असेल ते तुला एवढ्यावरून समजलं असणार. मलाही समजलं आहे. मी या दुखण्याच्या वॉर्डात पंधरवडा काढला आहे आणि तिथल्या बायकांकडून सगळं शिकून आले आहे. दुसऱ्यांदा आलं की काय होतं, ते मी तिथं बघितलं.

मी लातूरला जाईन. तुकडा काढू देईन, ते म्हणतील ते करेन. पण आधी तू बघायचं. तू आल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. याला अडवणूक म्हणतात, हे मला माहीत आहे. दुसरा इलाज तू ठेवला नाहीस.

मला माझी फिकीर नाही असं मी म्हणणार नाही. आहे. भीती वाटते. पेज गिळताना वाटते, पोरं गाणी म्हणतात तेव्हा वाटते. पण त्याहून जास्त भीती ही वाटते, की मी गेल्यावर तू जन्मभर लोकांचे दात पांढरे करत बसशील आणि रोज मनात मला एकदा हिरवं म्हणशील. ते मला नको आहे. ज्या तोंडात तू चुकलीस असं तुला वाटतं, त्याच तोंडात परत बघ. हात कापला तर कापू दे, मी दिवा धरायला मदत करीन. माझी कीव करून हिरवं म्हणू नकोस. काळं दिसलं तर काळं सांग.

जयंतीच्या आधी ये. जयंतीच्या गर्दीत आणि डीजेत मला तोंड उघडून बसायचं नाही.

आई


२७ एप्रिल २०२५

चि. महामाया,

तुला समोर बसवून सांगायचं होतं, पण तू सोमवारी सकाळच्या गाडीनं नांदेडला गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. तू माझं तोंड तपासलंस त्या दिवशी तुला पिवळ्या चष्म्यामुळे आणि अंधारामुळे जे दिसलं नाही, ते लिहून ठेवते.

पण आधी चतुराबाईची खबर. गावच्या बायकांची तोंडं तू पुन्हा बघितलीस तेव्हा तुझ्या दिव्यात तिच्या गालात जे काळं दिसलं होतं, ते लातूरच्या डॉक्टरांनी तेवढंच कोरून काढलं. वेळेत आलं म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती अंगणवाडीत हजर. गाल सुजलेला आणि तोंड तसंच चालू. "बाई, तुमच्या लेकीनं मला इतक्यांदा इचारलं, हळद लावली का, हळद लावली का. मला वाटलं हिला माझं लगीन लावायचंय." हे तिनं गावात सगळ्यांना सांगितलं आहे. तिचा आवाज ऐकला की मला फार बरं वाटतं, आणि कधीकधी हेवाही वाटतो. दोन्ही खरं आहे.

आता आपलं.

तू आलीस तेव्हा एसटी स्टँडवर आनंदराज आला होता ना, तो सकाळपासून तिथं बसून होता. तुझी गाडी दुपारची आहे हे त्याला मी पाटीवर तीनदा लिहून दाखवलं होतं. गाडीवर तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत, हे मला तुम्ही दारात आलात तेव्हाच कळलं.

तू माझं तोंड कापसानं पुसलंस. मग पुन्हा पुसलंस. चुळा भरायला लावल्यास. पुन्हा पुसलंस. "आई, हळद?" म्हणालीस, मी मान हलवली, तरी विचारलंस. माझ्या तोंडाला आता जे उरलं आहे ते तू इतक्या हळू हातानं पुसत होतीस, की मला तुझं लहानपण आठवलं. दुधाचं तोंड मी तुझं असंच पुसायची. त्या वेळी तुझा हात कापत नव्हता, हे तुला सांगायचं आहे. दिवा घेतल्यावर कापायला लागला.

घोंगडी खिडकीवर नीट बसत नव्हती, वारा होता, सारखी उडून उजेड आत येत होता. तू म्हणालीस, राहू दे, असंच बघते. तेवढ्यात घोंगडी घट्ट बसली. तुला वाटलं असेल, मी खिळा ठोकून घेतला. आनंदराज बाहेरून खिडकीशी उभा राहिला होता. दोन्ही हात ताणून, घोंगडीची दोन टोकं भिंतीला दाबून. भर उन्हात. तू बघत होतीस तेवढा सगळा वेळ तो तसाच उभा होता. फटीतून मला त्याची बोटं दिसत होती.

तू दिवा बंद केलास, परत लावलास. परत बंद केलास. अंधारात मला तुझा श्वास ऐकू येत होता. बाहेरून आनंदराजनं विचारलं, "काय दिसलं?"

तू म्हणालीस, "काळं हाय, दादा."

किती वर्षांनी तू आपल्या बोलीत बोललीस. घोंगडी खाली पडली आणि उजेड आत आला. तो खिडकीबाहेर खाली बसला होता, म्हणून पडली. मग तू चष्मा काढून माझ्याकडे वळलीस आणि माझ्या डोळ्यांत बघून तेच पुन्हा सांगितलंस. "आई, काळं आहे. मागेपर्यंत आहे." आवाज फुटला, पण शब्द बदलले नाहीत.

मला वाईट वाटलं का? वाटलं. जगायची इच्छा काही कमी झालेली नाही माझी. लातूरला परवा त्यांनी तुकड्याचा निकाल सांगितला तेव्हाही वाटलं. तू म्हणाली होतीस तेच निघालं, आणि आता ते कापत नाहीत, नुसतं दुखू नये म्हणून औषध देतात. आनंदराज गोळ्या वेळेवर देतो. तू मे महिन्यापासून दर शनिवारी येणार म्हणालीस, त्यातला पहिला शनिवार जवळ आला आहे.

त्या दिवशी तू सांगितल्यावर मी पाटी मागून घेतली. तुला वाटलं, आई काहीतरी लिहील, मोठं, लक्षात राहण्यासारखं. इतकी वर्षं अंगणवाडीत पोरांचं उत्तर जमलं की मी जी खूण करते, ती मी पाटीवर केली. बरोबरची. आणि पाटी तुझ्याकडे सरकवली.

बरोबरची खूण मिळाली की पोरं पाटी छातीशी धरून घराकडे पळतात, आईला दाखवायला. तू पाटी छातीशी धरलीस आणि माझ्या पायाशीच बसून राहिलीस.

ती पाटी तू जाताना बॅगेत घालून नेलीस, हे मी पाहिलं. राहू दे, पुसू नकोस. पण माझं बोलणं अडलं आहे. खडूनं दारावर लिहिते तर आनंदराज रंग खराब झाला म्हणतो. शनिवारी येताना नवी पाटी घेऊन ये.

तुझी आई
पंचशीला